दोरीची वाटी

रविवार, ३ मार्च

प्रिय दादा,

लाटेवर उभं राहायच्या अगदी आधी मी मागे वळून का बघते? गेले तीन महिने मी स्वतःला हे विचारते आहे आणि मला उत्तर देता येत नाही, म्हणून तुला विचारते. तू काही कळवणार नाहीस, माहीत आहे. आधीच्या चार पत्रांनाही उत्तर आलं नाही. पण ती परतही आली नाहीत, तेव्हा तुमच्या त्या जहाज दुरुस्तीच्या यार्डात ती कुणीतरी घेतं एवढं नक्की.

नीट सांगते. पूर्वी सर्फिंग करताना मी बोर्डावर फार मागे झोपायची, त्यामुळे पुढचं टोक वर यायचं आणि लाट खालून निघून जायची. आता चार बोटं पुढे सरकून झोपते, बोर्ड सपाट राहतो. हात मारायला पूर्वी उशीर करायची, आता लाट दोन बोर्डांच्या अंतरावर असतानाच सुरू करते. लाटेने उचललं की थांबायचं नाही, आणखी दोन हात मारायचे, हे तू बाबांच्या शेडच्या दारामागे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतंस. तेही करते. आणि मग दोन्ही तळहात टेकवून उठायच्या क्षणी माझी मान वळते. मागे, बोर्डाच्या शेपटीकडे, जिथे पायाची दोरी बोर्डात बसवलेल्या वाटीत बांधलेली असते तिकडे. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की वजन एका बाजूला जातं आणि मी पाण्यात.

मी वही ठेवली आहे. तारीख, भरती, वारा, किती लाटा घेतल्या, काय चुकलं. आज अकरा लाटा, नऊ वेळा मागे पाहिलं. तू म्हणशील, प्रोफेसरने समुद्राचासुद्धा पेपर काढला. म्हण. तुझ्या तोंडून 'प्रोफेसर' ऐकून तीन वर्षं झाली.

प्रयोगशाळेत सगळं ठीक. आठवडाभर सहा ठिकाणच्या समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासते, रविवारी त्याच पाण्यात जाते.

आई बोर्डांची कव्हरं शिवते आहे. परवा मशीन थांबवून म्हणाली, "त्याच्या बोर्डाची लांबी किती होती गं?" मी सांगितली. "उगीच विचारलं," म्हणाली आणि त्याच मापाचं ताडपत्रीचं कापड कापलं. तुझा बोर्ड शेडमध्ये वरच्या फळीवर आहे. कुणी हलवलेला नाही.

तुझी,
धाकटी


रविवार, ३१ मार्च

प्रिय दादा,

आज डावीकडे वळले! फेस झालेल्या लाटेवर सरळ किनाऱ्याकडे येणं वेगळं आणि न फुटलेल्या लाटेच्या कडेने तिरकं जाणं वेगळं, हे तू सांगायचास तेव्हा मला ते बढाईसारखं वाटायचं. आज कळलं. लाट फुटत फुटत मागून येते आणि आपण तिच्या पुढे, अजून गुळगुळीत असलेल्या भागावर. आवाज मागे राहतो. सहा-सात सेकंद असतील. खाली उतरले तेव्हा किनारा कुठे आणि मी कुठे.

शिट्टीवाले काका पाहत होते. अजून तेच क्लबचे सेक्रेटरी, तीच शिट्टी, तोच भोक पडलेला टॉवेल. ओरडले, "अगं, हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "दारामागे लिहिलंय."

त्यांना कळलं. शिट्टीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मे महिन्यात परीक्षा दे. रविवारच्या वर्गाला शिकवायला माणूस नाही. तीन वर्षं झाली, मी एकटा किती बघू? म्हातारा झालो, शिट्टीत फुंकायला हवा उरली नाही."

म्हणजे तुझी जागा. फुकटची, रविवारची, पण तुझी.

मी तुला एक गोष्ट कधी लिहिली नाही. तुझी पत्रं टाकायला मी आपल्याच पोस्टात जाते आणि ती तिथल्या बाईंच्याच हातातून जातात. त्याच बाई, ज्यांच्या डाव्या डोळ्याला त्या सकाळी बोर्ड लागला. डोळा आहे, पण त्याने दिसत नाही. पाकीट वजनाला ठेवताना त्या मान अशी उजवीकडे कलती करतात आणि काट्यावरचा आकडा वाचतात. चारही वेळा त्यांनी नुसता पत्ता वाचला.   यावेळी मात्र म्हणाल्या, "अजून उत्तर नाही?"

"नाही."

"येऊच नये," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. मग पावती सरकवत, "तुला नाही बोलत मी. तू आपलं लिहीत राहा."

दुसरं पोस्ट बसने चाळीस मिनिटांवर आहे. मी तिकडे का जात नाही, तेही मला नीट सांगता येत नाही.

तुझी,
धाकटी


रविवार, २१ एप्रिल

प्रिय दादा,

आठ लाटा, पाच वेळा मागे पाहिलं. उजवीकडे वळताना पाठ लाटेकडे येते, त्यामुळे ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. गुडघे मोडून पुढचा हात जिथे जायचं तिकडे धरायचा, हे दारामागचं तुझं सहावं कलम. मी किनाऱ्यावरच्या लाल टाकीकडे हात धरते. दोनदा जमलं.

काल शेडमध्ये एक गिऱ्हाईक आलं होतं. शहरातला तरुण, नवाकोरा बोर्ड, शेपटीला तडा. उद्याच हवा म्हणून हटून बसला. बाबांनी बोर्ड उभा केला, तड्यावर जीभ टेकवली आणि म्हणाले, "खारट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आत पाणी आहे. शेपूट खाली करून तीन दिवस उभा ठेवायचा. रोज जीभ लावायची. खारट लागेनासं झालं की मग फायबर आणि रेझिन. ओल्यावर बंद केलं तर वरून काचेसारखं दिसेल आणि आत फोम कुजत राहील."

"पण काका, वरून दिसणार नाही ना?"

बाबा हसले नाहीत. "वरून दिसलं असतं तर जीभ कशाला लावली असती?"

मी चहा घेऊन आत आले होते, तशीच परत फिरले.

दादा, ते निवेदन आठवतं? क्लबच्या समितीला दिलेलं? ते तू वाचलं होतंस की बाबांच्या सहीखाली नुसतीच सही केलीस? घरात कागदाचं काम आलं की ते माझ्याकडे. शाळेपासून तसंच. वीज मंडळाचा अर्ज, आईच्या मशीनच्या हप्त्याचं पत्र, सगळं बाबा सांगणार आणि मी लिहिणार. तेही त्यांनीच सांगितलं आणि मी लिहिलं. बाबा म्हणाले होते, "लिही, पोरगा विसरला." मी त्याचं केलं, "बोर्ड वापरास देण्यापूर्वी तपासणी करण्याची संपूर्ण जबाबदारी माझ्या मुलाची होती व त्यात त्याने हयगय केली." हयगय हा शब्द माझा. बाबांना तो शब्द माहीतही नव्हता. वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "चांगलं लिहिलंस." घरातली पहिली पदवीधर मी, आणि निकालानंतर घरासाठी लिहिलेला पहिला कागद तो.

बाकी सर्व ठीक. आईचा गुडघा दुखतो.

तुझी,
धाकटी


रविवार, १२ मे

प्रिय दादा,

पास झाले.

फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पोहत जाऊन यायचं, पाच लाटा घ्यायच्या, दोन्ही बाजूंना वळून दाखवायचं आणि एका माणसाला बोर्डावर घालून किनाऱ्यावर आणायचं. काका स्वतः बुडणारा माणूस झाले होते. मी त्यांना ओढत होते आणि ते पडल्या पडल्या सूचना करत होते, "अगं, बुडणाऱ्याला जरा धीर दे, दोन शब्द बोल!" मी म्हटलं, "बुडणारे इतकं बोलत नाहीत." सगळा किनारा हसला.

पाच लाटांत एकदाही मान वळली नाही. काकांनी तसं कागदावर लिहिलं, "नजर समोर, उत्तम." तुला खरं सांगते, मी पाचही वेळा मागे पाहिलं. मान न वळवता काखेखालून नुसती नजर मागे टाकायला मी शिकले आहे. अर्ध्या सेकंदाचंही काम नाही. महिनाभर सराव केला. माझी सगळी प्रगती म्हणशील तर ही.

मग काकांनी फॉर्म दिला. दोन पानी, नाव, वय, नोकरी, रक्तगट. नववा प्रश्न असा: तुमच्या हातून, किंवा तुम्ही दुरुस्त केलेल्या साहित्यामुळे, कधी कुणाला इजा झाली आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. तुझ्या अपघातानंतर समितीने घातलेला प्रश्न आहे.

तुझा अपघात. बघ, मीही तसंच लिहिते.

फॉर्म टेबलाच्या खणात आहे. काका म्हणाले, "जूनच्या पहिल्या आठवड्यात दे. आठ जणांनी नावं दिली आहेत."

त्यातलं एक नाव पोस्टातल्या बाईंचं. शुक्रवारी काउंटरच्या काचेआडून म्हणाल्या, "तू शिकवणार म्हणे. मग मी येते. माझं उभं राहायचं राहूनच गेलं त्या दिवशी. यजमान म्हणतात, एक डोळा घालवलास, हौस फिटली नाही का? मी म्हटलं, नाही फिटली." आणि मग पाकिटाला गोंद लावत म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास आहे माझा. तू तुझ्या भावासारखी नाहीस."

दादा, मी "थँक यू" म्हटलं. मी त्यांना थँक यू म्हटलं.


सोमवार, १३ मे

कालचं पत्र टाकलं नाही. त्यालाच हे जोडते.

आपण दोघांनीही हे कधी एकमेकांशी बोललेलं नाही, तेव्हा एकदा सगळं लिहून काढते.

तो निळा बोर्ड. दोरीची वाटी सैल झाली होती. तू ती काढून नवी बसवायला मला दिलीस, कारण तुझे बाकीचे सात बोर्ड तपासायचे होते आणि बाबा बंदरावर होडीच्या कामाला गेले होते. दुसऱ्या दिवशी माझी प्रयोगशाळेतली मुलाखत होती. पहाटेची बस. कपड्यांना इस्त्री करायची होती, प्रमाणपत्रांच्या प्रती लावायच्या होत्या. तू संध्याकाळी दारातून विचारलंस, "झालं का गं, प्रोफेसर? नाहीतर राहू दे, उद्या सातच बोर्डांवर भागवतो." मी म्हटलं, "झालं."

झालं होतंच. वरून काचेसारखं होतं. पण वाटी काढल्यावर त्या खळग्याला मी जीभ लावली होती, दादा. खारट लागलं होतं. मी विसरले नव्हते. मी फडक्याने पुसलं, पुन्हा जीभ लावली, पुन्हा खारट लागलं, आणि मी रेझिन ओतलं.

सकाळी बस चुकली, म्हणून मी कोपऱ्यावर पुढच्या बसची वाट पाहत उभी होते. किनाऱ्याकडून माणसं पळत आली तेव्हा मीही घरी पळाले. वाटी मुळासकट उपटून आली होती, दोरी बोर्डावरून पडलेल्या शिकाऊ पोराच्या पायालाच राहिली होती आणि सुटा बोर्ड लाटेबरोबर येऊन कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईंना लागला होता. बाबा शेडमध्ये तो निळा बोर्ड उलटा धरून उभे होते. खळग्यातला फोम बोटाने उकरला तर पिठासारखा येत होता. त्यांनी तुला विचारलं, "जीभ लावली होतीस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी दारात उभी होते, इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. तू पुरते दोन श्वास पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. विसरलो."

बाबांनी तीनदा विचारलं. तू तीनदा "विसरलो" म्हणालास. मग मला म्हणालास, "तू निघ, दुसरी बस चुकेल." आणि मी निघाले. मुलाखतीत त्यांनी विचारलं, पाण्याचा खारटपणा कसा मोजतात? मी अचूक सांगितलं. त्याचाच पगार मिळतो मला.

मी तुला तीन वर्षं पत्रं लिहिते आहे आणि त्यांत भरती आहे, वारा आहे, आईचा गुडघा आहे. हे नव्हतं.

तुला वाटलं असेल, एकीचं तरी मार्गी लागू दे. तू ते मला विचारून केलं नाहीस, याचा मला कधी कधी रागसुद्धा येतो. पण ते माझ्या सोयीचं बोलणं झालं. नको म्हणायला मला तोंड होतं. तीन वर्षं होतं.


मंगळवार, ४ जून

प्रिय दादा,

आधी आईबाबांना सांगितलं. २६ मेच्या रविवारी सकाळी, शेडमध्ये. आई कव्हरं मोजून ठेवत होती. मी एका दमात सांगितलं. आईने हातातली कव्हरं खाली ठेवली आणि म्हणाली, "मला वाटायचंच." मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्यासारखी तोंडावर हात ठेवून घरात गेली.

बाबा बोर्ड घासत होते. घासणं थांबलं नाही. बोर्डाकडेच बघत म्हणाले, "खारट लागलं होतं?"

"हो."

"मग?"

"मग रेझिन ओतलं." 

"मी त्याला तीनदा विचारलं," ते म्हणाले. "तुला एकदाही नाही विचारलं. शिकलेली पोर, ती कशाला चुकेल." त्यांनी हातातला घासायचा कागद घडी करून खिशात घातला, जणू पुन्हा लागणार होता. मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा, मी दादाला तुमच्याकडून पत्र लिहिते. तेव्हा पहिल्यांदा आवाज चढला. "नको. माझ्या वतीने आता तू काही लिहू नकोस."

तेव्हापासून शेडमधल्या टेबलावर एक कागद आहे. ते जेवणानंतर त्याच्यासमोर बसतात. त्यांना सहीपलीकडे लिहिण्याची सवय नाही, तुला माहीत आहे. कागद अजून कोराच आहे, कडेला रेझिनच्या बोटांचे ठसे तेवढे उठलेत. तो या पत्रासोबत पाठवू का विचारलं तर म्हणाले, "काही लिहिलं आहे का त्यावर?"

त्याच दुपारी बाईंच्या घरी गेले. पोस्टात सांगितलं असतं तर त्यांना मला हाकलताही आलं नसतं. त्या बाहेरच्या पायरीवर धान्य निवडत होत्या, ताट अगदी डोळ्यांजवळ धरून. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी ताट मांडीवर ठेवलं.

"म्हणजे त्याने नाही?"

"नाही. मी."

"आणि त्याला ठाऊक होतं?"

"हो."

ताटातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तीन वर्षं मी त्याला शिव्या देतेय. रोज सकाळी आरशात बघून. आता त्या तुला द्यायच्या, तर तू समोर उभी. जमत नाही गं." त्यांनी ताट पुन्हा उचललं. "तू जा आता. आणि काउंटरला आलीस तर दुसऱ्या खिडकीत उभी राहा."

म्हणून हे पत्र दुसऱ्या खिडकीतून येतं आहे.

मधे मी शनिवारी पाण्यात गेले होते. वहीत लिहिलं आहे: सात लाटा, सातही वेळा मागे पाहिलं, मान वळवून, उघडपणे. पाच वेळा पडले. सांगून टाकलं की सरळ उभी राहीन अशी माझी काहीतरी कल्पना होती. तसं काही झालं नाही.

आता फॉर्मचं. नवव्या प्रश्नापुढे मी 'हो'वर खूण केली. मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहिलं, जीभ लावल्यापासून. तीन वर्षांपूर्वीच्या निवेदनातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं, हे वाक्य मी रचलेलं आहे व ते खोटं आहे. क्लबच्या पाटीवरून काढलेलं तुझं नाव परत लावावं अशी विनंती केली. हयगय हा शब्द पुन्हा वापरला, यावेळी स्वतःसाठी.

शिट्टीवाल्या काकांनी उभ्यानेच वाचलं. मग बसून परत वाचलं. गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"रविवारी आठ जण येणार होते तुझ्याकडे."

"सात. बाईंनी नाव काढून घेतलं असेल."

"हे दिलंस की तुला किनाऱ्यावर शिकवता येणार नाही. कधीच. समितीचा नियम आहे, मी काही करू शकत नाही."

"माहीत आहे, काका."

"तुझ्या ऑफिसात कळलं तर?"

"तिकडे मी सकाळीच प्रत दिली."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "अगं, निदान विचार करायला दोन दिवस घे."

"तीन वर्षं घेतली."

त्यांनी शिक्का मारला. पोच सोबत जोडली आहे. तारीख कालची, सोमवारची.

तुझी,
धाकटी